फळीखालचा शिक्का

निगवेकर सरांचा एक नियम होता. आधी यंत्राचं साल काढायचं, मग माणसांचं ऐकायचं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी कुणी ना कुणी जुना फोनो घेऊन यायचं. फोनो म्हणजे चावीचा, हातातून नेता येणारा, झाकण लावलं की सुटकेससारखा दिसणारा. आणणाऱ्याच्या पोटात गोष्ट मावत नसायची. आजोबांनी अमक्या साली आणला, तमक्या सावकाराच्या वाढदिवसाला वाजवला. सर हात वर करायचे आणि म्हणायचे, "पावणं, तुम्ही जरा गप्प बसा. आधी ह्याला बोलू दे."

मग ते पेटी उघडायचे. चावी समोरून लागते की उजव्या कुशीतून, झाकणाच्या आत तबकड्या ठेवायची सोय कशी आहे, टोनआर्मला, म्हणजे आवाजाच्या नळीला, बाक कुठं दिलाय, तिच्या टोकाच्या साऊंडबॉक्सवर, सुई बसते त्या गोल डबीवर, आकडा कुठला. निकेलच्या मुलाम्याला पिवळसर झाक असते आणि नंतर आलेल्या क्रोमच्या मुलाम्याला निळसर, एवढ्यावरून अर्धं काम होतं, हे ते प्रत्येकाला नव्यानं सांगायचे. शेवटी स्क्रू काढून मोटार बसवलेली फळी उचलायची आणि तिच्या खालच्या अंगाला मारलेला शिक्का, ज्याच्या अक्षरावरून साल कळतं, तो बघायचा. एवढं झालं की सर साल सांगत, आणि ते सहसा चुकत नसे. वारणानगरला तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. वर्गात चुकलेलं उत्तर सापडलं की त्यांना जो आनंद व्हायचा, तोच आता लोकांच्या गोष्टी चुकल्या की व्हायचा. आजोबा वारल्यानंतर दहा वर्षांनी बनलेला फोनो आजोबांच्या नावावर सांगणारा माणूस मान खाली घालून पेटी उचलायचा, आणि सर आतल्या खोलीकडं तोंड करून चहा मागायचे.

चहा नंदिनी आणायची. त्यांची बायको. तिच्या माहेरचाही एक फोनो त्याच घरात होता.

तिचे वडील, आकाराम गुरुजी, शाहूवाडीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांचं लग्न छत्तीस साली झालं आणि त्याच वर्षी त्यांनी कोल्हापुरातून हा फोनो नवा आणला, असं ते सांगत. नंदिनीची आई चव्वेचाळीस साली गेली तेव्हा नंदिनी दोन वर्षांची होती. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता, घरात फोटो नव्हता. गुरुजी एवढंच सांगायचे की तुझी आई भात पाखडताना हे ऐकायची, चावी संपत आली की सूप खाली ठेवून उठायची आणि पुन्हा चावी भरायची. लग्नात गुरुजींनी लेकीला दुसरं काही दिलं नाही, हा फोनो दिला. वारणानगरच्या क्वार्टरमध्ये सर कॉलेजात गेले की नंदिनी तो लावायची आणि चावी संपत आली की हातातलं काम खाली ठेवून उठायची.

चौऱ्याण्णव साली गुरुजी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला लेकीकडं आले. वय ऐंशीच्या पुढं. डोळ्याची पट्टी निघाली त्या रविवारी बैठकीत आठ-दहा माणसं होती. कुणीतरी विचारलं, मांडणीवरचा तो फोनो कुणाचा. गुरुजींना नुकतं स्पष्ट दिसायला लागलं होतं आणि ते खुशीत होते. त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाचं साल, मलकापूरपर्यंत पायी, तिथून मोटारीनं कोल्हापूर, येताना मांडीवर धरून आणलेली पेटी, भात पाखडणारी बायको.

सर मध्ये बोलले नाहीत. गोष्ट पुरी होऊ दिली. मग उठले, फोनो खाली काढला, साऊंडबॉक्स सोडवून सगळ्यांच्या हातातून फिरवला.

"गुरुजी, हा साऊंडबॉक्स युद्धानंतरचा," ते म्हणाले. "शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या अलीकडचा. तुमचं कुटुंब गेलं चव्वेचाळीसला. मग भात पाखडत ऐकत कोण होतं?"

माणसं हसली. दोघं-तिघं जरा मोठ्यानं हसली. गुरुजींनी हात गुडघ्यांवर ठेवले होते ते तसेच राहिले. आपल्याला तर असंच आठवतं, असं ते पुटपुटले. त्यावर सर म्हणाले की म्हातारपणी माणूस काहीही जुळवतो, लोखंड जुळवत नाही.

हे सगळं नंदिनीनं दारात उभं राहून ऐकलं. पुढं जे झालं ते मात्र तिनं स्वतः केलं. दोन दिवसांनी वडलांना एसटीत बसवून द्यायला ती स्टँडवर गेली. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या तिनं विचारलं, "मग आई गेल्यावर तो कुणासाठी घेतलात?"

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं. "मला आता सांगता येत नाही, बाळ," ते म्हणाले. त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. जावई शिकलेला, सगळी माणसं हसलेली, त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता. नंदिनीला वाटलं, ते लपवतायत. आई गेल्यावर बापाच्या घरी कोण येत होती, कोण बसून गाणी ऐकत होती, ह्याचा ती घरी जाताना विचार करत राहिली. तिनं फोनो पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. मार्गशीर्षात गुरुजी अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला, तेव्हा ती आज जाऊ उद्या जाऊ करत दोन दिवस उशिरा गेली. ते त्या दिवशी सकाळीच वारले होते.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी सरांची नजर गेली. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही धूसर झालं. दोन हजार एक साल उजाडलं तेव्हा त्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण रविवारची बैठक त्यांनी मोडली नाही. आता नंदिनी शेजारी बसायची. स्क्रू ती काढायची, फळी ती उचलायची, शिक्का ती वाचायची. मुलामा कुठला, आकडा कुठला, सुईची वाटी कुठल्या बाजूला, सर विचारायचे आणि ती सांगायची. सर डोळे मिटून ऐकायचे आणि साल सांगायचे. लोक जास्तच थक्क व्हायचे. आंधळा माणूस साल सांगतो, अशी त्यांची कीर्ती सांगली-मिरजेपर्यंत गेली. वर्षभरात नंदिनीला स्वतःलाच साल कळायला लागलं. सर बोलायच्या आधी तिच्या मनात ते तयार असायचं. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

सरांच्या जुन्या वह्या भिजून खराब झाल्या होत्या. त्या नव्यानं उतरून काढायचं काम त्यांनी तिला दिलं. रोज दुपारी ती दोन-चार पानं उतरायची. एका दुपारी चौऱ्याण्णवची वही हातात आली. सरांचं बारीक, सरळ अक्षर. गुरुजींचा अपमान झाला त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं: घरचा फोनो. पेटी, मोटार, शिक्का एकोणीसशे पस्तीस-छत्तीस. साऊंडबॉक्स मागाहून बदललेला.

नंदिनी उठली. शिडी लावून माळ्यावर चढली, पोतं सोडलं, पेटी खाली आणली. फळी उचलली. आता तिला वाचता येत होतं. शिक्का पस्तीस-छत्तीसचाच होता. जुना साऊंडबॉक्स तडकला असणार, कुठल्यातरी कारागिरानं युद्धानंतर नवा बसवून दिला असणार. एवढंच होतं ते. असल्या शंभर पेट्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या.

सर पलंगावर बसले होते. तिनं वहीतली ओळ त्यांना वाचून दाखवली.

"हो," सर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी उघडून बघितला होता."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार? सगळे घरी गेले होते."

"बाबा इथंच होते. मंगळवारी गेले ते."

सरांनी चादरीची सुरकुती हातानं सपाट केली. मग म्हणाले की एका साऊंडबॉक्सपायी चारचौघांत सांगितलेलं परत घ्यायचं, तर उद्या लोक प्रत्येक सालाला प्रश्न विचारतील. आणि गुरुजींना तरी काय फरक पडत होता, चार महिन्यांत ते गेलेच. एवढं बोलून त्यांनी पुढचं पान वाच म्हणून सांगितलं. नंदिनीनं पुढचं पान वाचलं.

त्याच्या पुढच्याच रविवारी ती पहिल्यांदा खोटं वाचली.

तिनं फार मोठं काही केलं नाही. साऊंडबॉक्सवरचा एक आकडा बदलून सांगितला. सरांनी त्यावरून साल काढलं, आणि समोर बसलेल्या डॉक्टर उन्मेषनी चष्मा पुसून आकडा स्वतः वाचला. हे दातांचे डॉक्टर, वय पस्तिशीचं, फोनोचा नाद लागलेले, सरांना गुरू मानणारे. त्यांनी नम्रपणे सांगितलं की सर, हा आकडा वेगळा आहे. सर तिच्यावर उखडले. साधा आकडा वाचता येत नाही का, म्हणाले. "माझीच चूक," नंदिनी म्हणाली आणि चहा आणायला गेली.

दुसऱ्यांदा खोटं वाचायच्या आधी तिनं दोन महिने जाऊ दिले. तिसऱ्यांदा एका सभागृहात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, तिथं पन्नास माणसांसमोर सरांनी तिच्या वाचनावर पंचवीस-सव्वीसचा फोनो चाळीसचा ठरवला. मालकाजवळ खरेदीची पावती होती. ती हातोहात फिरली. सरांनी पुन्हा बायकोवर ढकललं, आणि ह्या वेळी माणसं सरांना हसली, बायकोच्या पदराआड लपतो म्हणून. नंदिनीनं मान खाली घातली होती. तिला हसणाऱ्यांत दोन चेहरे ओळखीचे दिसले. चौऱ्याण्णवच्या रविवारी हेच मोठ्यानं हसले होते.

माणसं कमी झाली. डॉक्टर उन्मेष आपल्या दवाखान्याच्या वर बैठक भरवायला लागले. रविवारी सर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे आणि दाराचा आवाज ऐकायचे. कधी कुणी यायचं, कधी नाही. नंदिनीला वाटायचं आता बास. मग तिला स्टँडवरचा बाक आठवायचा, आणि ती पुढच्या पेटीला पुन्हा खोटं वाचायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात गडहिंग्लजहून महांतेश नावाचा माणूस आला. मिरचीचा व्यापारी, पंचावन्न-छप्पन वय. त्याला सरांची जुनी कीर्ती माहीत होती, अलीकडची हसवणूक माहीत नव्हती. बरोबर त्याची आई होती, दानम्मा. सत्तरीच्या पुढची, कपाळावर भस्माचे पट्टे, पाय वर घेऊन खुर्चीत बसलेली. पेटी तिनं मांडीवरच धरली होती, ती महांतेशनं तिच्याकडून काढून घेतली. खोलीत आणखी तीन माणसं होती. डॉक्टर उन्मेष नव्हते.

महांतेश काहीतरी सांगायला लागला तर सरांनी हात वर केला. आधी यंत्र.

सरांनी पेटीवरून बोटं फिरवली. अलीकडं ते असं करायचे. कोपरे, बिजागऱ्या, कुलपाची पट्टी. पट्टीवर बोटं जरा थांबली. मग त्यांनी पेटी नंदिनीकडं सरकवली. तिनं स्क्रू काढले, फळी उचलली. शिक्का स्वच्छ होता, अडतीस साल. समोर कोण बसलंय ह्याच्याकडं तिनं बघितलं नाही. डॉक्टर नसले तरी तिघांतला कुणीतरी पुढं जाऊन त्यांना सांगेल, ते येऊन बघतील, सर पुन्हा तोंडघशी पडतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं शिक्क्याचं अक्षर बदलून वाचलं. साऊंडबॉक्सचा आकडाही त्याला जुळणारा सांगितला.

सर डोळे मिटून बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. मग म्हणाले, "त्रेपन्न-चौपन्नच्या आधीचा नाही."

महांतेशनं विचारलं, नक्की का. सर म्हणाले, नक्की.

"माझा बाप एकोणपन्नासला वारला," महांतेश म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, सरळ, खालच्या आवाजात, जसा एखादा निकाल सांगावा तसं. बाप रामलिंग मिरचीच्या पेठेत होता. मुलगा झाला म्हणून त्यानं सत्तेचाळीस साली कोल्हापुरातून बायकोला हा वापरलेला फोनो आणला, असं आई सांगते. चुलते सांगतात, भाऊ मेल्यावर ही पेटी घरात आली, कुणी आणून दिली ते तिलाच विचारा. लहानपणापासून तो हे दोन्ही ऐकत आला होता. भावकीत भांडण झालं की हीच पेटी निघायची. आता चुलते गेले, त्यांची पोरं तेच बोलतात. म्हणून एकदा सोक्षमोक्ष लावायला आलो, तो म्हणाला.

दानम्मा लेकाकडं बघत होती. "तुझ्या बापानंच आणला. तू पाळण्यात हुतास," ती म्हणाली.

"साल सांगितलं न्हवं सरांनी."

"तू पाळण्यात हुतास की, महांतेश."

तो उठला. त्यानं पेटी उचलली आणि आईला हात न देता दाराकडं निघाला. म्हातारी खुर्चीचा हात धरून आपली आपण उठली. ती नंदिनीच्या समोरून गेली. नंदिनीच्या हातात अजून स्क्रू पिळायचं पेचकस होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तीन माणसं बसली होती, सर बसले होते, आणि ते वाक्य बोललं की गेल्या वर्ष-दीड वर्षातलं सगळं बाहेर पडणार होतं. तिचं तोंड उघडलं नाही. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

बारा दिवस ती घरात वावरली. तेराव्या दिवशी मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगून गडहिंग्लजच्या गाडीत बसली. घर सापडायला वेळ लागला नाही. महांतेश गोदामात होता. तिनं सांगितलं की आपली वाचण्यात चूक झाली, फोनो अडतीसचा आहे, पेटी घेऊन चला, दुसऱ्या जाणकार डॉक्टरांना दाखवू. महांतेशनं सांगितलं की पेटी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला वजनावर घातली, घरात ठेवायची इच्छा नव्हती. भंगारवाला कुठला, ते त्याला माहीत नव्हतं.

"चूक तुमची हाय का सरांची, मला काय कळत न्हाय," तो म्हणाला. "सरांनी हात लावून बघितलाय. त्यांनी सही करून लिहून द्यावं, मग मी मानतो. भावकीत दाखवाय कागद लागतो."

दानम्माला त्यानं मागच्या खोलीत ठेवलं होतं, जिथं रिकामी पोती रचलेली असायची. वेगळी चूल मांडून दिली होती. सून जाता-येता तिला काय हवं नको विचारायची, पण लेक त्या दारात आला नव्हता. पोत्यांतल्या मिरचीच्या धुरळ्यानं नंदिनीला ठसका लागला. म्हातारीनं तिला पाणी दिलं.

नंदिनीनं तिला मात्र खरं सांगितलं. मुद्दाम वाचलं म्हणाली. नवऱ्याची चारचौघांत फजिती व्हावी म्हणून.

"माझ्यावर राग हुता?" दानम्मानं विचारलं.

"नाही. तुमचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं."

"राग असता तर बरं झालं असतं," दानम्मा म्हणाली. नंतर बराच वेळ ती चुलीतली राख सारखी करत राहिली. "मला कुणी दिला ते मला ठावं हाय. तुझ्या नवऱ्याला इचाराय मी आले न्हवते, ह्यानं आणलं. पन्नास वर्सं दीर बोलत हुते, मी कान दिला न्हाय. पोरगं माझ्या बाजूचं हुतं म्हणून. आता जा तू. तुझी गाडी चुकंल."

घरी आल्यावर नंदिनीनं सरांना सगळं सांगितलं, पहिल्या खोट्या आकड्यापासून. तिला वाटलं होतं ते ओरडतील. सर शांत ऐकत होते.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "वर्ष झालं, बोटांनी बघतोय. यंत्र काय आहे आणि तू काय वाचतेस."

"म्हणजे त्या दिवशीही?"

"कुलपाची पट्टी युद्धाच्या आधीची होती. अडतीस-एकोणचाळीस."

"मग त्रेपन्न का सांगितलं?"

"तू थांबतेस का ते बघत होतो," सर म्हणाले. "थांबली नाहीस."

मग तिनं त्यांना कागद मागितला, चार ओळी आणि सही. त्यांनी नकार दिला. कोल्हापुरात मला हसतात, म्हणाले, तुझ्यामुळं. गडहिंग्लजमध्ये अजून माझा शब्द चालतो. तिथंही चुकलो म्हणून लिहून देऊ? तिनं हात जोडले. हात जोडलेले त्यांना दिसत नाहीत हे लक्षात आल्यावर तिनं त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले.

तेव्हा तिनं पत्र स्वतः लिहिलं. सरांचं नाव छापलेल्या कागदावर, सरांच्या भाषेत. यंत्र पुन्हा विचारात घेतले असता ते १९३८ सालचे असल्याचे माझे निश्चित मत आहे, आधी सांगितलेले साल चुकीचे होते. खाली त्यांची आताची वाकडी सही केली. पोस्टात टाकून आली.

पुढच्या रविवारी दुपारी महांतेश आला, एकटा. पत्र त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. त्याचा चेहरा त्या दिवसापेक्षा हलका दिसत होता. तो सरांच्या पाया पडला. एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून आलो, म्हणाला. आईला, अव्वाला, अजून सांगितलं नाही, इथून गेलो की सांगतो.

सर म्हणाले, "काय लिहिलंय, वाचून दाखवा."

महांतेशनं पत्र वाचलं. थांबत थांबत, एकेक शब्द. नंदिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. सरांनी हात पुढं केला, कागद चाचपला, परत दिला.

"हे मी लिहिलेलं नाही. सही माझी नाही."

"मग साल, सर?"

"त्या दिवशी सांगितलं तेच."

नंदिनी पुढं आली. सगळं बोलली. मी मुद्दाम चुकीचं वाचलं, ह्यांनी बोटांनी ओळखलं होतं आणि तरी गप्प बसले, पत्र मी लिहिलं पण त्यातलं साल खरं आहे. ती भरभर बोलत होती, तिचा आवाज चढत होता, पदर खांद्यावरून घसरला होता तो तिनं सावरला नाही. महांतेश तिच्याकडून सरांकडं आणि सरांकडून तिच्याकडं बघत होता.

सर तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग फार मऊ आवाजात म्हणाले, "हिचे वडील गेले तेव्हापासून हिचं अधूनमधून असं होतं. तुमच्या आईला बघितलं आणि हिच्या मनानं घेतलं. तुम्ही राग मानू नका."

महांतेशनं पत्राची घडी घातली आणि ते टेबलावर ठेवलं. "काकू, तुमी अव्वासाठी एवढं केलंसा, उपकार झालं," तो म्हणाला. "पण खोटा कागद घिऊन मी भावकीत कसा जाऊ?" तो पुन्हा सरांच्या पाया पडला आणि गेला.

दानम्माला पुढं तिची लेक संकेश्वरला घेऊन गेली. दोन वर्षांनी ती तिथंच वारली. तिला पुरून समाधी दिली तेव्हा महांतेश आला होता, त्यानं माती टाकली आणि न जेवता परत गेला. हे नंदिनीला संकेश्वरच्या एका मिरचीवालीकडून कळलं. तिच्याकडं ती दर महिन्याला दानम्माची विचारपूस करायची. भेटायला जायचं धाडस तिला झालं नाही.

रविवारची बैठक बंद पडली ती पडलीच. महांतेश गेला त्या दिवसापासून नंदिनीनं सरांना काही वाचून दाखवलं नाही. वर्तमानपत्र नाही, पोस्टानं आलेलं पत्र नाही, बँकेचा कागद नाही. ती बोलायची, जेवायला या म्हणायची, पाणी तापलंय म्हणायची. मुलगी अवंतिका पुण्याहून आली की दोघं तिच्याशी हसून बोलायची. पण कुठं काय लिहिलंय असं सरांनी विचारलं की नंदिनी गप्प व्हायची.

सरांना रोज सकाळी तीन गोळ्या लागायच्या. रक्तदाबाची, साखरेची आणि एक रक्त पातळ राहावं म्हणून घ्यायची. तिन्ही पांढऱ्या, गोल. सर खुर्चीत बसून तळहात पुढं करायचे. ती एकेक गोळी ठेवायची.

"ही कुठली?" ते विचारायचे.

नंदिनी उत्तर द्यायची नाही. सर अंगठ्यानं गोळी चाचपायचे, उलटी करायचे, कडेवरून नख फिरवायचे. बोटांना काही कळायचं नाही. ते पुन्हा विचारायचे, मग तिच्या बाजूला तोंड वळवून नुसतेच थांबायचे. कपाळावर घाम यायचा. ती पाण्याचा पेला त्यांच्या दुसऱ्या हातात द्यायची आणि ते गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

गोळ्या रोज बरोबरच असायच्या. ते मात्र तिनं त्यांना कधी सांगितलं नाही.